खुर्ची आणि गाडी यांच्या मधे

माय,

काल धानोऱ्याच्या पुढे एका गावी जाऊन आले. गाडीनं गेले. माझी स्वतःची गाडी आहे हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा माझ्याकडे हातानं चालवायची तीनचाकी होती आणि तीच आपल्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू होती. आता पांढरी, छोटीशी, पण जरा उंच सीटची गाडी आहे, ती चालवायला एक ड्रायव्हरभाऊ आहेत, आणि ब्रह्मपुरीत तळमजल्यावर घर आहे, ज्याच्या दाराला पायरी नाही, उतार आहे. हे सांगताना बढाई मारल्यासारखं वाटतं, म्हणून लगेच दुसरंही सांगते. त्या गाडीत मला माझं मला बसता येत नाही. खुर्चीतून उठून सीटवर जायचं, एवढंच काम. मधे हातभर जागा असते. त्या हातभर जागेत गेल्या वर्षी जे झालं ते मी कोणाजवळ नीट बोलले नाही, आणि ज्या एका माणसाजवळ बोलायला हवं होतं ते माणूस तू आहेस.

तुझा चेहरा मला आता फोटोतला आठवतो, पण तुझी पाठ खरी आठवते. लुगड्याचा पदर माझ्या मांड्यांखालून घेऊन तू पुढे पोटाशी गाठ मारायचीस आणि मी तुझ्या मानेला धरायची. धुऱ्यावरून चालताना दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांत पाणी, आणि तू एकेक पाऊल आधी चाचपून मग टाकते आहेस. तुझ्या मानेला चुलीच्या धुराचा वास येतो आहे. शाळा आली की तू मला ओट्यावर ठेवतेस, पदर सोडतेस, कमरेवर हात ठेवून एकदा मागे वाकतेस आणि रोवणीला निघून जातेस. बाबा दिवसभर राइस मिलमध्ये धानाची पोती वाहायचे, पण मला उचलायची वेळ आली की त्यांचे हात कापायचे. "पोतं पडलं तं शिवता येते," म्हणायचे. म्हणून मला उचलणं हे कायम तुझंच काम राहिलं. दोन वर्षांची असताना ताप आला आणि पाय गेले, तेव्हापासून ते मला कुबड्या मिळेपर्यंत.

एक दिवस मी फार जपून ठेवला आहे. तू मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आली होतीस. परतीला ब्रह्मपुरीच्या स्टँडवर एसटी लागलेली, गर्दी चढते आहे, आणि तू मला पाठीवर घेऊन दाराशी उभी. कंडक्टरला घाई होती. त्यानं मागून येऊन माझ्या काखेत हात घातले, मला तुझ्या पाठीवरून उचललं आणि आत पहिल्या सीटवर टाकलं. वाईट माणूस नव्हता तो. पण तू आत चढलीस आणि भरल्या गाडीत त्याच्यावर ओरडलीस, "पोतं हाय का माही पोरगी? तिले इचारलं तू?" तो म्हणाला, "अवो बाई, मदत करून राह्यलो ना." तू म्हणालीस, "मंग इचार. तोंड हाय तिले. हात लावू का म्हनून इचार." सगळी गाडी वळून पाहत होती. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. पण पुढच्या सगळ्या आयुष्यात मी त्या एका वाक्यावर उभी राहिले, माय. कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीला, लग्नाच्या मांडवात, जिथे कोणी पुतण्या-भाचा धावत येऊन "चला, घेतो तुम्हाला" म्हणाला, तिथे मी हात वर करून थांबवायची. आधी विचारा.

मग नोकरी लागली, मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायला लागले, व्हीलचेअर आली, गाडी आली. पंचवीस-तीस वर्षं मी कोणाचा हात लागू दिला नाही. खुर्ची दाराशी तिरकी लावायची, ब्रेक दाबायचे, एक हात सीटवर, एक खुर्चीवर, आणि सगळं अंग खांद्यांवर तोलून पलीकडे टाकायचं. मुलं लांबून पाहायची. मला ते आवडायचं. पण पायांचं काम खांद्यांनी किती वर्षं करावं? आधी उजवा गेला, मग डावा. चंद्रपूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता अंग उचलायचं नाही, नाहीतर हातसुद्धा जातील, मग जेवायचं कसं ते ठरवा. तिथेच व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक गुळगुळीत फळी दिली. एक टोक खुर्चीवर, एक टोक सीटवर, आणि तिच्यावरून घसरत जायचं. मी ती घरी आणली आणि पलंगाखाली सरकवली. ट्रकमधून माल उतरवतात तसं घसरत जायचं, आणि तेही सगळ्यांसमोर, मला जमणार नव्हतं. त्यापेक्षा एखादी बाई ठेवते, म्हटलं.

ती तशी आली. धानोऱ्याकडची, गोंड घरची, तिशीच्या आतली. नवरा मोहर्लीला, वाघ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. पावसाळ्यात चार दिवस यायचा. ती माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहायची. पहिल्या दिवशी तिनं काय करावं? गाडीशी खुर्ची लावली आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "बाई, तुमी सांगा ना कुठून धरू." तेव्हाच मी मनात म्हटलं, हिला ठेवायचं.

आमचं बसून गेलं. मी खुर्चीच्या कडेला सरकायची. ती माझे पाय सरळ करून जमिनीवर ठेवायची, आपले गुडघे माझ्या गुडघ्यांना लावायची म्हणजे ते मोडत नाहीत, माझ्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरायची आणि म्हणायची, "टेका डोकं." मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवायची. मग ती गोंडीत मोजायची, उंदी, रंड, मुंद. दुसरा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकून तिच्याकडे पाहिलं, आणि मला काय वाटलं ते कळल्यावर ती इतकी हसली की आम्ही दोघी परत खुर्चीत बसलो. मुंद म्हटलं की ती मागे झुकायची, मी उठायची, ती अर्धी वळायची, मी सीटवर. जाता जाता तिचा एक हात माझ्या डोक्यावर यायचा, दाराची चौकट लागू नये म्हणून. मग एकेक पाय आत. ड्रायव्हरभाऊ तोवर पाठ करून रस्त्याकडे पाहत उभे राहायचे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुमचा हात नको, आणि त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की दोन वर्षांत एकदा वळून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. धान कापणी चाललेली, सकाळी गारवा. रोजच्यासारखी मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं, तिनं मोजलं, मी उठले, आणि अर्ध्यात तिचं पोट माझ्या पोटाला लागलं. पोट आधीही लागायचं. पण ते मऊ नव्हतं. टणक, गोल, वर आलेलं होतं. मी हवेत होते, माय. खुर्ची सुटलेली, सीट अजून आलेली नव्हती, माझं सगळं वजन तिच्या अंगावर, आणि तेव्हा मला कळलं. गेले कित्येक दिवस ती मासळी शिजवायची पण खात नव्हती, दुपारी पडून राहायची, ते सगळं एकदम जुळलं. तिनं मला बसवलं, पाय आत घेतले, दार लावायला गेली. मी दार धरून ठेवलं.

"कितवा महिना?"

तिनं दारात अडकलेला माझा पदर आत सारला. मग म्हणाली, "पाचवा लागला."

"सांगितलं काऊन नाई मले?"

"सांगतलं असतं तं तुमी उचलू देल्लं असतं?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. तिची काळजी नंतर वाटली. सगळ्यात आधी मनात आलं, आता मला गाडीत कोण बसवणार.

कॉलेजात त्या दिवशी मी काय शिकवलं ते आठवत नाही. मला मोठ्या आत्याचं बोलणं आठवत होतं. तू गेल्यावर, तिसऱ्या दिवशी, विहारातून माणसं परत आली होती, अंगणात चटया टाकलेल्या, आणि आत्या माझ्या तीनचाकीशी येऊन बसली. तुझ्याबद्दलच बोलत होती, किती कष्ट केलेस वगैरे. बोलता बोलता म्हणाली, "तुले घेऊन गेली थे परीक्षेले, अन् रिकामी होऊन आली. पाच महिन्याचं होतं. पन तुले नाई सांगू म्हने कोनी." तिच्या बोलण्यात खोच नव्हती. मला ते ठाऊक असेल असंच तिला वाटत होतं. मी मान हलवली, ठाऊक असल्यासारखी. आणि तुला विचारायला तू नव्हतीस.

सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा. माघातलं ऊन. एसटी आलीच नाही. तू वाट पाहिलीस, मग मला पाठीवर घेतलंस आणि ब्रह्मपुरीच्या रस्त्यानं चालायला लागलीस. मी बारा वर्षांची, पाय काटकीसारखे, पण अंग वाढलेलं. वाटेत तू फार वेळा थांबलीस. मला वाटलं मी जड झाले म्हणून. मी तुझ्या कानाशी सनावळ्या पाठ करत होते. मग तणसानं भरलेली एक बैलबंडी भेटली, त्या माणसानं आपल्याला वर घेतलं. मी पेपर लिहीत असताना तू दिवसभर शाळेच्या भिंतीला टेकून बसली होतीस. परतीला बस मिळाली, पण फाट्यापासून गाव, ते पुन्हा तुझ्या पाठीवर. संध्याकाळी तू चुलीजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसली आहेस, आत्या आली आहे, पाणी तापवते आहे, मला म्हणते, तू तिकडे बस. तुझं तोंड राखेसारखं झालं आहे. आणि तू मला विचारतेस, "पेपर कसा गेला?" आणि मी सांगते आहे, माय. एकेक प्रश्न सांगते आहे, त्याचं उत्तर मी काय लिहिलं ते सांगते आहे, आणि तू हो म्हणते आहेस. त्यानंतर आपल्या घरात पाळणा हलला नाही. मला नेहमी वाटायचं, माझ्या दुखण्याचा धसका घेतला म्हणून.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला सांगितलं, उद्यापासून तू मला उचलायचं नाही. स्वयंपाक कर, माझ्यासोबत राहा, बाकी काही नाही. उचलायला दुसरी बाई पाहू. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती भांडी घासत होती, तशीच उठली, ओल्या हातानं.

"दुसऱ्या बाईचा हात लागन तुमाले?"

"लावून घेईन."

"माही सासू पोटुशी असताना मोहफुलं येचाले जात होती जंगलात. डोक्यावर टोपलं घेऊन येत होती. मी तुमाले उचलतो थे किती? उभं करतो, बसवतो. माह्या अंगाचं मले समजते."

"काही झालं मग?"

"होईन तं माहं होईन ना. तुमी काऊन ठरवून राह्यल्या? मले इचारलं कुठी तुमी?"

ती आत निघून गेली. मी तिथेच बसून राहिले, कारण वळायला जागा नव्हती आणि तिला हाक मारायची हिंमत नव्हती. ते वाक्य तुझं होतं, माय. फरक एवढाच की तू ते उचलल्या जाणारीसाठी बोलली होतीस. उचलणारीला कोण विचारतं, हे मी त्या दिवसापर्यंत मनातसुद्धा आणलं नव्हतं. तुला कोणी विचारलं होतं? बाबांनी? आत्यानं? मी तर नाहीच. मी सनावळ्या म्हणत होते.

काही दिवस मी रजा टाकून घरी बसले. दुसरी बाई मिळाली नाही. मग पलंगाखालची फळी काढली. तिला जवळ बोलावलं आणि या वेळी विचारलं, असं चालेल का, तू फक्त माझं डोकं आणि पाय सांभाळ, वजन फळीवर. ती म्हणाली, "चालन." फळीवरून घसरताना माझ्या कमरेचा पट्टा ओढायला पलीकडून कोणीतरी हवं होतं. मी ड्रायव्हरभाऊंना हाक मारली आणि म्हटलं, भाऊ, आता तुमचा हात लागेल. साठीला आलेला माणूस, पण असा गोंधळला की चप्पल काढून उभा राहिला. "बाई, कुठी धरू?" घराच्या दाराशी ते चांगलं जमलं. वेळ लागला, शेजारच्यांनी पाहिलं, मला वाटत होतं तितकं वाईट वाटलं नाही. ती माझे गुडघे धरून खाली बसली होती आणि म्हणत होती, "पाहा, आता मी कुठी उचलून राह्यली?"

कॉलेजच्या फाटकाशी जमीन जरा उतरती आहे. कॉलेज सुटायची वेळ, मुलं बाहेर पडत होती. भाऊंनी खुर्ची लावली, ब्रेक दाबले. त्यातला एक पुरता बसला नव्हता. मी फळीवर मधोमध असताना खुर्ची मागे गेली. फळीचं टोक सुटलं, आणि मी खुर्ची आणि गाडी यांच्या मधल्या त्या जागेत खाली गेले. ती समोर बसलेली होती. तिनं दोन्ही हात पसरून मला घेतलं. अंगानंच घेतलं, विचार करायला वेळ कुठे होता. ती मागे पडली आणि मी तिच्यावर. मला काही लागलं नाही, माय. मी मऊ जागेवर पडले होते.

ती उठली नाही. पोटावर हात ठेवून एका कुशीवर वळली. मी जमिनीवर बसून "तिला पाहा, तिला पाहा" म्हणत होते. मुलं धावत आली. तिला मागच्या सीटवर निजवलं, आणि चार मुलांनी मला हातापायाला धरून उचललं आणि पुढच्या सीटवर ठेवलं. कोणी विचारलं नाही. मीही थांबवलं नाही. पोत्यासारखी गेले आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. भाऊंनी गाडी सोडली. मागून तिचा आवाज येत नव्हता, मी मान वळवून पाहायचा प्रयत्न करत होते, खांदा आड येत होता. "काही बोल ना वो," मी म्हणत होते. ती एकदाच म्हणाली, "दुखून राह्यलं, बाई."

दवाखान्याच्या दाराशी लोकांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं, भाऊ सोबत धावले. मी गाडीत. माझी खुर्ची कॉलेजच्या फाटकाशीच राहिली होती, घाईत कोणाच्या लक्षातच आलं नाही. दार उघडं होतं, दवाखान्याचं दार समोर दिसत होतं, आणि मला उतरता येत नव्हतं. तुझ्या पाठीवरून मी किती ठिकाणी गेले, आणि आता, जिथे जायलाच हवं होतं, तिथे एवढ्या जवळ येऊन बसून राहिले. मागच्या सीटवर तिचा फोन वाजायला लागला. तिच्या पिशवीत होता. हात पोचत नव्हता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. नवऱ्याचा असणार, या वेळी तो रोज करायचा. मी तो आवाज ऐकत बसले. येणारी-जाणारी माणसं वाकून पाहत होती, या बाई एकट्याच काय बसल्या आहेत. तेव्हा मी तुला विचारलं. तोंडानं, मोठ्यानं. तुला ठाऊक होतं का, चालतानाच कळलं होतं का? बंडीत बसल्यावर परत फिरता आलं असतं. तू दिवसभर त्या भिंतीला टेकून काय करत होतीस?

भाऊ आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "बाई, लेकराचे ठोके चालू हायेत. मशीन लावली, म्या बाहेरून आपल्या कानानं आयकले. घोडं पयते तसे." मी सीटला घट्ट धरलेला हात सोडला. ते म्हणाले, ठेवून घेतलं आहे, बाळंत होईपर्यंत उठायचं नाही म्हणतात. मग काहीतरी आठवल्यासारखं करून वाकले. "तिनं सांगतलं, बाईचे पाय पाहा म्हने. वाकडे राह्यले असन, बाईले दुखतात म्हने." खरंच वाकडे राहिले होते. पोरांनी ठेवले तसेच, एक दुसऱ्याखाली दुमडून, आणि ते केव्हापासून ठणकत होते. भाऊंनी उन्हातच खाली बसून विचारलं, "बाई, हात लावू का?" आणि एकेक पाय सरळ केला.

दवाखान्यातून ती माहेरी गेली. मला दुसरी बाई मिळाली, ती दांडगी आहे, बोलकी आहे, फळीची तिला सवय झाली आहे. ब्रेक भाऊ आता दोनदा दाबून पाहतात आणि मग खुर्ची हलवूनही पाहतात. त्या एका ब्रेकनं त्या माणसाची झोप गेली. फाल्गुनात मुलगा झाला. मोहाची झाडं टपटपत होती, पोराच्या आजीला घरात थांबायला फुरसत नव्हती, असं ती फोनवर सांगत होती. आणि काल मी त्याला पाहायला गेले.

तिचं घर रस्त्यापासून आत, वाटेवर मोठे दगड, खुर्ची जाणार नव्हती. तीच बाळाला घेऊन गाडीशी आली. काच खाली होती. तिनं त्याला खिडकीतून माझ्या मांडीवर दिलं. माझे पाय काही कामाचे नाहीत पण त्यांना सगळं समजतं, माय, ऊब समजते, वजन समजतं. चांगलं जड पोर आहे. मी त्याला तुझ्यासारखं, एक हात मानेखाली घालून धरलं. ती दाराला टेकून उभी होती. बारीक झाली आहे. उभी असताना एक हात सारखा कमरेवर.

"दुखते का अजून?"

"वाकलं का दुखते."

मी म्हटलं, "एक विचारते. मनातलं सांग. परत येशील का माझ्याकडे?"

तिनं बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी इचारलं म्हून सांगतो, बाई. नाई येत मी. तुमच्यासाठी जीव लागते, पन आता नाई."

मी म्हटलं, "बरं." मला वाटलं होतं मला त्याहून जास्त काही बोलता येईल. तिनं बाळ परत घेतलं, खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवरचं पातळ सारखं केलं, पाय पाहिले. भाऊंनी गाडी चालू केली. परतीला जंगलाचा रस्ता, आणि मी सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. तिच्या जागी मी असते तर हेच सांगितलं असतं. तुला हे सांगायची सोय नव्हती. तू माय होतीस, तुला कोण विचारणार, आणि विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, याची मला आजही भीती वाटते.

एवढं लिहून मघाशी थांबले होते. आता एकच राहिलं. आत्याला मी कधी विचारलं नाही की तो मुलगा होता की मुलगी. पाच महिन्यांचं होतं, तिला कळलं असेल. आता तीही नाही. पण त्या जिवाला मी मनात बहीण धरून ठेवलं आहे. कितीतरी वर्षांपासून. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, उंच, दणकट खांद्यांची. लोकांना वाटेल मला तिची आठवण येते, तिच्यासाठी रडू येतं. तसं नाही, माय. गाडीच्या दाराशी खुर्ची लावून कोणीतरी येण्याची वाट पाहत बसते ना, तेव्हा ती मला आठवते. ती असती तर तिनं मला उचललं असतं, एवढ्यासाठी.

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र मीच तुला वाचून दाखवलं असतं, तू चुलीपुढे बसून ऐकलं असतंस, आणि इथवर आल्यावर मी हा शेवटचा भाग गाळून "संपलं" म्हटलं असतं.